री म्हणजे रीळ

मी एक रीळ बोलतेय. दोऱ्याचं लाकडी रीळ, आणि माझ्यावरचा दोरा संपून आता पुष्कळ वर्षं झाली. शिकलेली माणसं मला ‘ते रीळ’ म्हणतात. ना तो, ना ती. पण मी वाढले एका बाईच्या मांडीजवळ, म्हणून बाईसारखीच बोलते. चालवून घ्या.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चांगला नाही. मला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. लोक म्हणतात लाकूड चुलीत जळतं. मी न पेटवता जळते.

फिरत्या पात्यापुढे दांडी धरायची आणि आमच्यासारख्या हजार बहिणी कातून काढायच्या, अशा एका कारखान्यात माझा जन्म झाला. वर एक टोपी, खाली एक टोपी, मध्ये कंबर, आणि डोक्यापासून पायापर्यंत आरपार भोक. त्यामुळे पोटात काही राहत नाही म्हणावं, तर तसंही नाही. डोक्यावर गोल कागद चिकटवला, त्यावर चाळीस आकडा. अंगावर पांढराशुभ्र दोरा चढला आणि मी एका शिंप्याच्या दुकानात आले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी बाबांचं, म्हणजे त्या शिंप्याचं, मशीन, त्याला चिकटून कापडं बेतायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अर्धेमुर्धे शर्ट; कुणाला एकच बाही, कुणाला कॉलर नाही. आई खाली सतरंजीवर बसून काजं करायची, बटणं लावायची. त्यांना एकच मुलगी. अंगानं काडी, बोलायला टोकदार. घरात तिला टाचणी म्हणत.

माझा दोरा सात-आठ शर्टांत संपला. आता मला फेकणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्याच आठवड्यात त्या घरात एक घोडा हरवला.

घोडा म्हणजे बुद्धिबळातला. बाबांना बुद्धिबळाचं वेड. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की टेबलावरच्या चिंध्या हातानं बाजूला सारायच्या आणि पट मांडायचा. समोर टाचणी. तर त्या दिवशी चिंध्या सारताना पांढऱ्यांचा उजवीकडचा घोडाही त्यांच्याबरोबर गोणीत गेला. गोणी गेली गादीवाल्याकडे, आणि गादीवाल्यानं त्या चिंध्या कुठल्या उशीत भरल्या ते त्यालाही सांगता येईना.

“कुणाच्या तरी डोक्याखाली घोडा धावतोय,” आई म्हणाली. “त्या बिचाऱ्याला झोप लागत नसेल.”

“आता खेळायचं कसं?” टाचणी रडवेली झाली.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि त्या रिकाम्या घरात उभं केलं. “हा घे घोडा. बिनचेहऱ्याचा आहे, पण अडीच घरं बरोबर जाईल.”

झालं. मी दोऱ्याची बाई, राजाच्या सैन्यात लागले.

तुम्हाला वाटेल, मी हरखले असेन. चार दिवस हरखलेही. मग माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूला एक खरा घोडा अजून आहे. त्याचा एक कान तुटलेला, आयाळ झिजलेली, एका डोळ्याच्या जागी खड्डा. पण मान वळवून असा उभा राहायचा की जणू सगळं सैन्य त्याच्याच बापाचं. आणि त्याला सगळे म्हणायचे घोडा. मला काय म्हणायचे? रीळ. काम एक, चाल एक, जिवावरची जोखीम एक. पण तो घोडा आणि मी रीळ. दुधाची तहान ताकावर भागवतात ना, तसं मी त्या घरातलं ताक होते.

उशीत गेलेल्याचं तर विचारूच नका. मेलेल्या माणसाचे आणि हरवलेल्या वस्तूचे गुणच तेवढे लोकांना आठवतात. बाबा डाव हरले की म्हणायचे, “तो घोडा असता ना, तर डाव असा गेला नसता.” जसं काही तो घोडा स्वतःच विचार करून चालायचा.

माझ्यात एक खोड होती, ती लपवत नाही. माझा तळ गोल आणि अंग हलकं. पलीकडे आईनं मशीन सुरू केलं की टेबल थरथरायचं आणि मी जागच्या जागी सरकायला लागायचे. एकीकडे उंट, दुसरीकडे हत्ती. कधी याला धक्का, कधी त्याला. एकदा तर आडवी होऊन गडगडले आणि राजाला घेऊनच खाली पडले.

बाबा म्हणाले, “टाचणे, ते रीळ पहिलं बाहेर काढ गं. आत कडमडतंय नुसतं. मोकळ्यावर उभं राहू दे.”

सोंगट्यांमध्ये घोडा तेवढा एकच, ज्याला पुढचं प्यादं न हलवता उडी मारून बाहेर पडता येतं. तेव्हापासून टाचणी पांढरी घेतली की पहिली चाल एकच. माझ्या डोक्यावर बोट ठेवायचं, दोन घरं पुढे, एक घर आत, की मी प्याद्यांच्या पुढे एकटी मोकळ्या मैदानात. मोठमोठे खेळाडू डावाच्या सुरुवातीला काय काय नावं देतात. आमच्या घरात त्या सुरुवातीचं नाव होतं ‘रीळ काढणं’. लोकांना वाटायचं पोरीनं कुठल्या जाड पुस्तकातून उचललंय. कसलं पुस्तक आणि कसलं काय. माझ्या कडमडण्यातून निघालेली ती चाल.

तिनं डाव लिहायला घेतले तेव्हाही असंच. चाल लिहायची म्हणजे सोंगटीचं पहिलं अक्षर आणि घराचा आकडा. राजाचा रा, वजिराचा व, हत्तीचा ह, उंटाचा उं. डाव्या घोड्याचा घो. आणि उजवीकडच्याचा री. तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. तान्ह्या पोराला आपल्या आईचं नाव आईच वाटतं, तसं.

‘री’ असलेल्या वह्यांवर वह्या भरल्या. त्या वह्यांत मी सुखी होते. तेवढंच सुख.

टाचणी सतरा वर्षांची झाली आणि एका मोठ्या स्पर्धेला निघाली. निघताना बाबांनी मला उचलून तिच्या पेन्सिलींच्या पिशवीत टाकलं. “घेऊन जा. तिथं सगळे अनोळखी. ओळखीचं कुणीतरी असू दे.”

वाचनालयाचा मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, टेबलागणिक पट आणि घड्याळ. आणि दाराजवळच्या टेबलावर बक्षिसं मांडलेली. पहिल्याला चषक, दुसऱ्याला छोटा चषक, आणि तिसऱ्याला बुद्धिबळाचा नवा कोरा संच. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या, जड लाकूड, तळाला हिरव्या बनातीचं मऊ कापड. त्यातले घोडे मी पिशवीच्या फटीतून पाहिले. दोन कान, दोन डोळे, नाकपुड्या फुललेल्या, एकेक दात कोरलेला.

मी पिशवीतल्या पिशवीत न पेटवता जळले. हा संच घरी आला तर मला कोण विचारतो? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, त्यातली गत. मग मी काय केलं ऐका. मनातल्या मनात म्हटलं, टाचणे, हर. दोऱ्याची आण, हर. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शेवटचा डाव उरला तेव्हा हिशेब सोपा होता. तिला अर्धा गुण मिळाला, म्हणजे डाव बरोबरीत जरी सुटला, तरी ती तिसरी. हरली तर काहीच नाही. समोर बसायला आले एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना पहिलं यायला पूर्ण डाव जिंकायला हवा होता. आयुष्यभर लोकांची अक्षरं लावून थकलेले डोळे, पण पटावर घारीचे.

टाचणीनं मला पिशवीतून काढून पटाशेजारी उभं केलं. लगेच पंचबाई आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला.

“पटाशेजारी जादा सोंगटी ठेवायची नाही, बाळ.”

टाचणी गोरीमोरी झाली. म्हणाली, “सोंगटी नाही बाई ही. नुसतं रीळ आहे. दोऱ्याचं.”

नुसतं रीळ. तिच्या तोंडून. अकरा वर्षं तिच्या राजासाठी मी मरत आले, किती वेळा ते माझं मला ठाऊक. आणि चार परक्या लोकांत ती म्हणाली, नुसतं रीळ. तेव्हा मी दुसऱ्यांदा म्हटलं, हर.

तिनं पहिली चाल केली. तीच. दोन घरं पुढे, एक घर आत. पण बोट कुणाच्या डोक्यावर? हॉलमधल्या त्या परक्या, चकचकीत घोड्याच्या. माझी उडी, माझं घर, आणि अंग त्याचं. घर आपलं आणि नांदते सवत, हे कसं असतं ते मला टेबलाच्या कडेवरून बघावं लागलं.

माझा शाप लागला की काय कोण जाणे, डाव बिघडत गेला. पोस्टमास्तरांनी तिचा एक उंट फुकटात मारला. पण त्यात त्यांचा वेळ फार गेला. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी चाली लिहिणं सोडलं आणि भराभर खेळू लागले. टाचणी मात्र प्रत्येक चाल लिहीत होती.

आणि तिला वाट सापडली. तो घोडा, माझ्या जागचा, वजिराच्या मागे लागला. वजीर बाजूला झाला, घोडा दुसऱ्या बाजूनं आला. वजीर परत आपल्या जागी, घोडाही परत. पुन्हा तेच. पोस्टमास्तर घाईत, त्यांना दुसरं काही सुचेना.

एकच मांडणी तीनदा आली तर डाव बरोबरीत सोडवा, असा दावा करता येतो. फक्त चाल आधी लिहायची, हात लावायचा नाही, आणि पंचांना बोलवायचं. टाचणीनं लिहिलं, घड्याळ थांबवलं, हात वर केला.

पंचबाईंनी कागद घेतला. चष्मा लावला. काढला. परत लावला.

“हे काय लिहिलंयस?”

पोस्टमास्तरांनी वाकून पाहिलं. “हा रा आहे. राजा. चाळीस वर्षं पाकिटांवरची अक्षरं लावलीत मी, बाई. ही राजाच्या चाली लिहितेय आणि घोडा हलवतेय. हा कागद धरायचाच कशाला?”

“रा नाही काका, री आहे,” टाचणी म्हणाली.

“वेलांटी कुठाय?”

घाईत वेलांट्या पुसटल्या होत्या. कुठं शेंडी दिसत होती, कुठं नुसता काना.

“बरं, री धरू,” पंचबाई म्हणाल्या. “पण री म्हणजे काय? आणि इथं तर घोसुद्धा आहे. घोड्याला एकदा घो आणि एकदा री?”

“दोन नावांचं जनावर पहिल्यांदाच बघतोय,” पोस्टमास्तर म्हणाले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. पोस्टमास्तर हसत नव्हते. घड्याळ थांबल्यावर त्यांना श्वास मिळाला होता, आणि एक प्यादं सरकवलं की वजिराची सुटका होते हे आता त्यांना दिसलं होतं. मलाही दिसलं. दावा खोटा ठरला की डाव पुढे चालणार, आणि टाचणी हरणार.

शेवटच्या चालींचा दुसरा कागद नव्हताच. सगळं त्या एका अक्षरावर. म्हणजे माझ्यावर.

तिनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हात लांब करून तिनं मला उचललं आणि पंचबाईंच्या समोर ठेवलं.

“मघाशी मी खोटं बोलले, बाई. हे नुसतं रीळ नाही. हा माझा उजवीकडचा घोडा आहे. घरचा हरवला तेव्हापासून हाच आहे. री म्हणजे रीळ.”

पंचबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. डोक्यावरचा चाळीस आकडा वाचला.

“म्हणजे उजवीकडचा तो री, डावीकडचा तो घो. कायम?”

“कायम.”

“मग तपासायला सोपं आहे.” त्यांनी बाजूच्या टेबलावर दुसरा पट मांडायला लावला. “याच्या घरात यालाच ठेव. मी कागद वाचते. री म्हटलं की हे हलवायचं, घो म्हटलं की तो. काका, तुम्ही बघत राहा. तुमच्या कागदावर पहिल्या तीसेक चाली आहेत, त्या जुळवा.”

आणि तो डाव मी खेळले. अख्खा. जो डाव त्या चकचकीत घोड्यानं खेळला होता, तोच, पहिल्या उडीपासून. पंचबाई वाचत होत्या, टाचणीचं बोट माझ्या डोक्यावर, घरच्यासारखं. अठ्ठाविसाव्या चालीला पोस्टमास्तर म्हणाले, “थांबा. हा रा की री?”

पंचबाईंनी पटाकडे पाहिलं. “काका, राजा अडीच घरं उडायला लागला तर मी पंचगिरी सोडून देईन.”

या वेळी तेही हसले.

शेवटच्या चाली आल्या. मी वजिराच्या मागे, परत, पुन्हा मागे. मांडणी एकदा. मांडणी दोनदा. तेवढ्यात पोस्टमास्तर जवळून बघायला वाकले आणि त्यांचा गुडघा टेबलाला लागला. पट हादरला. माझा तळ गोल, अंग हलकं, गडगडणं माझ्या जन्माचं. मी आडवी झाले असते तर चार सोंगट्या घेऊन पडले असते. परत सगळं मांडा, परत भांडा, कोण कुठं होतं ते कुणाला आठवतंय. आणि दाराजवळचा तो दातकोऱ्या घोडा तिथंच राहिला असता.

पडावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण तिचं बोट माझ्या डोक्यावर होतं, आणि ते घामेजलं होतं. अकरा वर्षांत तिचं बोट मला कधी ओलं लागलं नव्हतं. मी उभी राहिले.

“तीनदा,” पंचबाई म्हणाल्या. “डाव बरोबरीत.”

पोस्टमास्तरांनी टाचणीशी हात मिळवला. मग मला दोन बोटांत धरून तिच्या तळहातावर ठेवलं. “पत्ता नीट लिहायला शीक, पोरी. पत्र पोचलं, पण कसं पोचलं ते माझं मला माहीत.”

अशी माझ्याच नावानं माझी जागा गेली.

संच घरी आला. बाबांनी एक घोडा तळहातावर घेऊन जोखला. “काय वजन आहे.” आईनं बनातीवरून बोट फिरवलं, टाके तपासावेत तसं. मला टेबलाच्या खणात ठेवलं, मोडक्या बटणांत आणि बोथट सुयांत. कानतुट्या घोडाही जुन्या डब्यात गेला, हे कळल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं ना, स्वभाव चांगला नाही.

खणातून मला ऐकू यायचं. मशीन कितीही चाललं तरी तो नवा जागचा हलत नसे. आणि तरीही पहिली चाल त्याचीच. बाबा सवयीनं म्हणायचे, “काढलंस रीळ?” ती म्हणायची, “काढलं.” मी खणात. नाव माझं, त्याला मिळतंय.

पंचबाईंनी तिला बजावलं होतं, पुढच्या वेळी घो लिहिलं नाही तर ऐकून घेणार नाही. तिनं एका संध्याकाळी वहीचं पान भरून घो घो घो घो लिहिलं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. पेन्सिलीचा आवाज मला येत होता. तो आवाज मी अजून विसरले नाही.

त्या बरोबरीमुळे तिचं नाव चार लोकांच्या कानावर गेलं. दूरच्या गावी एका कचेरीत तिला नोकरी लागली, त्यांच्या संघाकडून खेळायची. जाताना नवा संच घेऊन गेली. जाणारच. मला वाटलं, मला विचारेल. घाईत होती.

ती गेल्यावर आठ-पंधरा दिवस टेबलावर नुसत्या चिंध्या. मग एका संध्याकाळी फोन वाजला. बाबांनी ऐकलं, होहो म्हटलं, जुना डबा काढला, पट मांडला. उजवीकडचं घर रिकामं. त्यांनी खण उघडला, बटणांत हात घातला आणि मला बाहेर काढलं. अंगावरची धूळ शर्टाला पुसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनवर डाव असतो. ती तिकडे तिच्या पटावर चाल करते आणि इकडे सांगते. बाबा तिच्या सोंगट्याही हलवतात, आपल्याही. आई काजं करता करता म्हणते, “दोन्हीकडून तुम्हीच, तर हरता कसे?”

माझा जळफळाट संपला असं समजू नका. तिथं तिच्या बोटाखाली तो असतो. मला बाबांचं बोट, तेही आताशा थोडं कापतं. पण काल काय झालं ते सांगते आणि थांबते.

तिची पांढरी होती. फोन बाबांच्या खांद्यात अडकवलेला, आवाज बाहेर येत होता. ती दमलेली होती बहुतेक, कचेरीतून नुकतीच आलेली. म्हणाली, “घोडा बाहेर.”

बाबांचा हात माझ्या डोक्यावर येऊन थांबला. “कोण?”

“घोडा, बाबा. उजवीकडचा.”

“इथं उजवीकडे घोडा नाही. कुणाबद्दल बोलतेस?”

आईची सुई थांबली. मी उभी होते. गोल तळावर जितकं ताठ उभं राहता येतं, तितकी.

मग पलीकडून ती हसली. लहानपणी हसायची तशी, नाकातून.

“रीळ हो, बाबा. रीळ काढा.”

तुमच्या घरीही कुठल्यातरी पटावर कुणाच्या तरी जागी एखादं बटण, एखादं बूच उभं असेल. खरं सापडलं की त्याला खणात टाकाल, टाका. पण हाक मारायची वेळ आली, तर त्याच्या नावानं मारा. बाबांनी मला उचललंय. दोन घरं पुढे, एक घर आत.